स्तन घडतो कसा, असतो कसा: डब्यातल्या चिठ्ठ्यांवरचे प्रश्न

नागपुरातल्या महिला मंडळांत, शाळांत बोलायला जाते तेव्हा बिस्किटांचा एक रिकामा डबा सोबत नेते. नाव न घालता प्रश्न लिहायचा आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. हात वर करून कोणी विचारत नाही, पण डबा भरतो. चिठ्ठ्यांवर ‘स्तन’ हा शब्द क्वचितच असतो. ‘छाती’, ‘वरचं अंग’, नाहीतर नुसतं ‘तिथे’. एका चिठ्ठीवर ‘तिथे गाठ आहे’ एवढंच होतं, प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. मी आयुष्यभर डॉक्टरकीच्या मुलांना शरीररचना शिकवली. खाली त्या डब्यातले प्रश्न आहेत आणि त्यांना दिलेली माझी उत्तरं.

स्तन वयात येताना तयार होतो ना?

नाही. वयात येताना तो वाढतो. त्याची मांडामांड आईच्या पोटात, फार लवकर झालेली असते. गर्भ जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा असतो तेव्हा, म्हणजे चौथ्या आठवड्याच्या अखेरीपासून, त्याच्या अंगावर दोन्ही बाजूंना कातडीच्या वरच्या थराची एक जाडसर रेघ उमटते. काखेपासून निघते ती जांघेपर्यंत जाते. तिला दुग्धरेषा म्हणतात. कुत्री किंवा मांजर पिल्लांना पाजत असताना पाहिली असेल, तर ही रेषा डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. त्यांच्या पोटावर सडांच्या दोन रांगा असतात त्या याच रेषेवर. गाईम्हशींमध्ये रेषेचा मागचा भाग उरतो म्हणून कास मागच्या पायांत. माणसात छातीवरचा एक लहानसा तुकडा राहतो आणि बाकीची रेषा विरून जाते.

विरून जाते, पण सगळ्यांची पूर्ण विरतेच असं नाही. पुढे येणारे तिळाचा आणि काखेतल्या गाठींचा असे दोन प्रश्न त्यातूनच आलेत.

एक खुलासा करते, कारण दर वेळी गोंधळ होतो. हे आठवडे गर्भ राहिल्यापासून मोजलेले आहेत. सोनोग्राफीच्या कागदावरचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, तेव्हा तो कागद हातात असेल तर माझ्या आकड्यात दोन मिळवा.

मग जन्मापर्यंत पुढे काय काय होतं?

सहाव्या आठवड्याच्या आसपास रेषेच्या उरलेल्या तुकड्यावर पेशींचा एक गोळा, म्हणजे स्तनाची कळी, आतल्या बाजूला रुजू लागतो. झाडाचं मूळ जमिनीत उतरतं तसा तो कातडीतून खालच्या मऊ थरात उतरतो. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्याला १५ ते २० फाटे फुटतात. हे फाटे सुरुवातीला भरीव असतात, पेशींच्या दोऱ्यांसारखे. शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे ते आतून पोकळ होतात आणि त्यांच्या दुग्धनलिका बनतात. भोवतालची चरबी, धागे, रक्तवाहिन्या हे सगळं खालच्या थरातून येतं. म्हणजे दूध करणारा भाग कातडीचा आणि त्याला धरून ठेवणारा भाग आतल्या थराचा. शास्त्रज्ञ स्तनाला घामाच्या ग्रंथीचं बदललेलं रूप म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना हे जरा अपमानास्पद वाटतं, पण घडण तशीच आहे.

बोंड, म्हणजे स्तनाग्र, सगळ्यात शेवटी येतं. नलिका जिथे उघडतात तिथे आधी खळगा असतो. जन्माच्या सुमारास खालचा थर वाढून तो खळगा बाहेर ढकलला जातो. काहींचा तो पुरता बाहेर येत नाही, मग बोंड जन्मापासूनच आत वळलेलं राहतं.

पुरुषांना स्तनाग्रं कशाला?

कारण कळी रुजते तेव्हा गर्भाला आपण मुलगा की मुलगी हे ‘ठाऊक’ नसतं. पुरुष संप्रेरक तयार व्हायला लागेपर्यंत छातीवरचं काम सुरू झालेलं असतं. उंदरात हेच संप्रेरक नराच्या कळ्या मोडून टाकतं, म्हणून नर उंदराला स्तनाग्रं नसतात. माणसात ते कळीला हात लावत नाही, तिला तशीच ठेवतं. तेव्हा पुरुषाच्या छातीतही थोड्या नलिका असतात आणि त्यांत कर्करोगही होऊ शकतो. स्तनाच्या शंभर कर्करोगांत साधारण एक पुरुषाचा असतो. आमच्याकडे पुरुष ‘चरबीची गाठ आहे’ म्हणत दोन-दोन वर्षं काढतात. बायकोने ढकलल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

बाळाच्या छातीतून दूध येतंय. मालिशवाली म्हणते पिळून काढावं लागतं. काढू द्यायचं का?

नाही. अजिबात नाही.

माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट आहे. नातू नऊ दिवसांचा. पाटावर बसून पाय लांब केलेली मालिशवाली बाई, पायांवर बाळ, वाटीत कोमट तेल. तिने अंगठा आणि बोट त्याच्या छातीवर ठेवलं आणि सहज म्हणाली, “मॅडम, पोराच्या छातीत दूध साचून राह्यलं, काढून देतो.” मी हात धरला. ती रागावली. तीस वर्षं ती हेच करत आली होती. तिच्या सासूने तिला शिकवलं होतं आणि तिच्या मते न काढल्यास पोराची छाती बाईसारखी होते.

होतं ते असं. पोटात असताना आईची संप्रेरकं बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या छातीची कळी फुगते. जन्मानंतर तो पुरवठा एकदम थांबतो, त्याच वेळी बाळाच्या स्वतःच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दूध करायला लावणारं संप्रेरक सुटत असतं. मग मुलगा असो की मुलगी, पहिल्या काही दिवसांत छाती सुजते आणि कधी दोन थेंब पांढरं येतं. युरोपात याला चेटकिणीचं दूध म्हणत. आपल्याकडे चेटकीण नाही आली, मालिशवाली आली. काही आठवड्यांत सूज आपोआप बसते. पिळलं की दोन गोष्टी होतात. पिळल्याने स्राव उलट वाढतो आणि दाबलेल्या जागेतून जंतू आत जाऊन पू होतो. मुलीच्या बाबतीत हे जास्त वाईट, कारण त्या इवल्याशा कळीतूनच तिचा पुढचा सगळा स्तन वाढायचा असतो. तिथे पू झाला, चिरा द्यावा लागला, कळीला इजा झाली, तर ते बारा-तेरा वर्षांनी दिसतं. तोवर मालिश कोणाला आठवत नाही.

छाती लाल झाली, गरम लागली, बाळाला ताप आला किंवा ते अंगावर प्यायला नको म्हणू लागलं, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

मला छातीखाली तीळ आहे, पण तो तिळासारखा दिसत नाही. पाळीच्या आधी दुखतो.

बहुधा ते जास्तीचं स्तनाग्र असावं. बोट काखेतून खाली, स्तनावरून, पोटाच्या बाजूने जांघेपर्यंत ओढत न्या. तुमचा ‘तीळ’ त्या वाटेवर पडतो का बघा. शंभरांत एक ते पाच लोकांना असं काहीतरी असतं, पुरुषांनाही, आणि बहुतेकांना आयुष्यभर तो तीळच वाटतो.

१९१५ मध्ये फिनलंडच्या कायावा यांनी या जास्तीच्या स्तनांचे आठ प्रकार लावले. त्यांचीच विभागणी आजही शिकवली जाते. परीक्षेत विद्यार्थी ती हमखास उलटसुलट करतात, पण तिची युक्ती सोपी आहे. पूर्ण स्तनाला तीन वस्तू लागतात: ग्रंथी, बोंड आणि बोंडाभोवतीचा काळसर गोल. तिन्ही असतील तर पहिला प्रकार. ग्रंथी आणि बोंड आहे पण गोल नाही, तो दुसरा. ग्रंथी आणि गोल आहे पण बोंड नाही, तो तिसरा. नुसती ग्रंथी, वरून काहीच दिसत नाही, तो चौथा. बोंड आणि गोल दोन्ही आहेत पण खाली ग्रंथीऐवजी चरबी, तो पाचवा, म्हणजे खोटा स्तन. नुसतं बोंड, सहावा. नुसता गोल, सातवा. आणि कातडीवर नुसता केसांचा पुंजका, तो आठवा. सहावा सगळ्यात जास्त आढळतो. त्रास होतो तो मात्र चौथ्याचा, तो पुढच्या प्रश्नात येतोय.

दुखत नसेल, वाढत नसेल तर काही करायचं नाही. कोणाच्या सांगण्यावरून चुना लावून जाळायचा नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी दोन्ही काखांत गाठी आल्या. सासूबाई म्हणाल्या काखमांजरी. तीच का?

काखमांजरी एका बाजूला येते, लाल होते, ठणकते, तिला तोंड येतं. पान्हा फुटला त्याच वेळी दोन्ही काखा एकदम फुगल्या असतील, कातडी साधीच असेल, तर तो कायावांचा चौथा प्रकार समजा. दुग्धरेषेच्या वरच्या टोकाला थोडी ग्रंथी राहून गेली. दूध करायचा निरोप रक्तातून सगळ्या ग्रंथींना जातो, तसा तिलाही जातो. ती दूध करते, पण बाहेर जायला वाट नाही, म्हणून फुगते. एक बाळंतीण मला भेटली ती तीन दवाखाने आणि दोन प्रतिजैविकांचे कोर्स करून आली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. थंड पट्ट्या ठेवा, गाठ पिळू नका, बाळाला पाजत राहा. तिथली ग्रंथी रिकामी होत नाही म्हणून दूध करणं हळूहळू सोडते. पुढच्या बाळंतपणात पुन्हा फुगेल, तेव्हा घाबरू नका.

मात्र गाठ एकाच काखेत असेल, दगडासारखी टणक असेल, किंवा बाळंतपणाशी काहीच संबंध नसताना आली असेल, तर माझं उत्तर वाचून घरी बसू नका.

मुलगी नऊ वर्षांची आहे. एकाच बाजूला बोंडाखाली सुपारीसारखी गाठ आली. काढून तपासायची का?

या वयात ती गाठ म्हणजे बहुधा स्तनाची कळी. एका बाजूची आधी येते आणि दुसरी काही महिने मागे राहते, हे इतकं सर्रास आहे की दोन्ही एकदम आल्या तरच मला नवल वाटेल. ती दुखते, दप्तराचा पट्टा लागला तरी पोरगी कळवळते.

काढायची तर मुळीच नाही. ही गाठ म्हणजेच अख्खा स्तन आहे. ती काढली किंवा तिचा तुकडा घेतला तर त्या बाजूला स्तन वाढणार नाही किंवा अर्धवट वाढेल. शंका असेल तर डॉक्टर हाताने तपासतील, फार तर सोनोग्राफी करतील.

वाढीच्या पाच पायऱ्या मार्शल आणि टॅनर यांनी १९६९ मध्ये १९२ इंग्लिश मुलींच्या निरीक्षणातून मांडल्या. पहिलीत छाती लहान मुलाची, सपाट. दुसरीत कळी. तिसरीत स्तन आणि काळसर गोल मिळून एकच उंचवटा. चौथीत गोल आणि बोंड मिळून स्तनावर वेगळा उंचवटा करतात. चित्रात हे विचित्र दिसतं आणि मुली आरशात बघून घाबरतात त्या याच पायरीला. पाचवीत गोल पुन्हा स्तनाच्या रेषेत बसतो आणि नुसतं बोंड पुढे राहतं. कळी दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पहिली पाळी येते, तेव्हा घरात कापडाची किंवा पॅडची सोय आणि दोन वाक्यं बोलायची तयारी आत्ताच ठेवा. आठ वर्षं पूर्ण व्हायच्या आत कळी आली, किंवा तेरा पूर्ण होऊनही नाही आली, तर दाखवायला हवं.

मुलगा चौदा वर्षांचा, त्याची छाती वाढली. शाळेत चिडवतात.

वयात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांना थोडंफार होतं. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचं ओसरतं. टी-शर्ट सैल घालू द्या आणि त्याच्या काकांना गप्प बसवा. एखादं औषध किंवा व्यायामशाळेतली पावडर चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

एक मोठा, एक लहान. काही दोष आहे का?

तंतोतंत सारखे दोन स्तन मी विच्छेदनाच्या टेबलावर कधी पाहिले नाहीत. फरक डोळ्यांत भरण्याएवढा असेल आणि लहान बाजूला काखेचा पुढचा स्नायूही नसेल, तर पोलंडचा विकार असू शकतो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकत असताना आल्फ्रेड पोलंडने १८४१ मध्ये एका मृतदेहात तो पाहून लिहून ठेवला. त्यात त्याच बाजूच्या हाताची बोटं आखूड किंवा जोडलेलीही असू शकतात.

आत नेमकं असतं काय?

नागपुरात हे शिकवायला मी वर्षानुवर्षं संत्रं वापरलं. साल म्हणजे कातडी, फोडी म्हणजे ग्रंथीचे खंड (लोब), फोडीतले रसाचे दाणे म्हणजे दूध करणारे बारीक फुगे आणि मधली पांढरी रेशमं म्हणजे धाग्यांचं जाळं. हे धागे इंग्लिश सर्जन सर अ‍ॅस्टली कूपर यांनी नीट दाखवले, म्हणून त्यांना कूपरचे बंध म्हणतात. १८४० चं त्यांचं पुस्तक. नलिकांत रंगीत मेण भरून त्यांनी चित्रं काढली होती.

मग मुलं विच्छेदनगृहात जायची. मे महिना, पंखा गरम हवा फिरवतोय, फॉर्मलिनने डोळे चुरचुरतायत आणि मुलं पंधरा फोडी शोधतायत. सापडायची पिवळी चरबी आणि तिच्यातून गेलेले पांढरे धागे. एकदा एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, आमच्या बॉडीत लोबच नाहीत.” बॉडी सत्तरीच्या बाईची होती. पाळी गेल्यावर ग्रंथी आक्रसते आणि तिची जागा चरबी घेते. तरुण स्तनातही खंड फोडींसारखे सुटे होत नाहीत. ते झाडांच्या फांद्यांसारखे एकमेकांत घुसलेले असतात, सर्जनच्या सुरीलाही वेगळे करता येत नाहीत. त्या दिवसापासून मी संत्रं फक्त पहिल्या तासाला आणू लागले.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट मोडीत निघाली. १५ ते २० नलिका बोंडाकडे येतात आणि बोंडामागे दूध साठवायची पिशवी असते, असं आम्ही शिकलो आणि शिकवलंही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी केली तेव्हा बोंडाशी सरासरी नऊच नलिका दिसल्या, आणि पिशव्या दिसल्याच नाहीत. दूध साठतं ते मागच्या ग्रंथीत. म्हणून बाळाने नुसतं बोंड चोखून भागत नाही. काळसर गोलाचा बराचसा भाग तोंडात घेऊन, पान्हा फुटेपर्यंत ओढावं लागतं. त्या गोलावरचे बारीक पुटकुळ्यांसारखे दाणे माँटगोमेरीच्या ग्रंथी आहेत. गरोदरपणात त्या मोठ्या होतात, तेलकट स्रावाने कातडी मऊ ठेवतात. त्या फोडू नका आणि साबणाने घासू नका.

सगळा स्तन दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंत, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, कडेपासून काखेच्या मध्यापर्यंत पसरलेला असतो. त्याच्या मागे छातीचा मोठा स्नायू, आणि दोघांच्या मध्ये एक सैल फट, म्हणून निरोगी स्तन स्नायूवर सरकतो. वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यातून एक शेपूट थेट काखेत जातं, त्याला स्पेन्सचं शेपूट म्हणतात.

मोठा स्तन असेल तर दूध जास्त येतं का?

नाही. आकार मुख्यतः चरबीचा. दूध ग्रंथीचं.

रिपोर्टवर ‘डावा स्तन, २ वाजता’ लिहिलंय. वेळ कशाला लिहिली?

ती वेळ नाही, जागा आहे. बोंड मध्यभागी धरून स्तनावर घड्याळ ठेवलंय असं समजायचं. घड्याळ तुमच्या समोर बसलेल्या डॉक्टरच्या नजरेचं, म्हणून डाव्या स्तनात २ म्हणजे वर आणि बाहेर, काखेकडे. उजव्यात तीच जागा १० वाजता येते. आरशात बघून शोधायला गेलात तर उलट दिसेल, तेव्हा घरच्या घरी घोळ घालू नका.

जुनी पद्धत चार भागांची: वर-बाहेर, वर-आत, खाली-बाहेर, खाली-आत. शिवाय बोंडामागचा मधला भाग आणि काखेतलं शेपूट. वर-बाहेरच्या भागात ग्रंथी सगळ्यात जास्त असते, म्हणून कर्करोगही जवळजवळ निम्मे तिथेच निघतात. हाताने तपासताना बायका खालचा गोल भाग नीट चाचपतात आणि नेमका काखेकडचा कोपरा सोडतात.

गाठ स्तनात, मग काख का तपासतात?

लसद्रव म्हणजे अंगातून निथळून पुन्हा रक्तात जाणारं पातळ पाणी, आणि त्याच्या वाटेवरच्या गाळणीसारख्या बारीक गाठी म्हणजे लसिका गाठी. स्तनातला सुमारे तीन चतुर्थांश लसद्रव काखेतल्या लसिका गाठींकडे जातो, उरलेला बराचसा उरोस्थीच्या मागच्या गाठींकडे. कर्करोगाच्या पेशी निघाल्या तर याच वाटेने आधी जातात. सर्जन या गाठींच्या तीन पातळ्या मानतात आणि खूण धरतात छातीच्या लहान स्नायूची. त्याच्या बाहेरच्या बाजूला पहिली पातळी, त्याच्या मागे दुसरी, आतल्या बाजूला तिसरी. पूर्वी सगळ्या गाठी सरसकट काढत आणि हात सुजून जाड व्हायचा. आता योग्य रुग्णांत आधी पहिल्या एक-दोन ‘पहारेकरी’ गाठी काढून बघतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत.

‘संत्र्याच्या सालीसारखी कातडी’ हे धोक्याचं लक्षण का?

संत्रं इथे पुन्हा येतं, आणि या वेळी ते अगदी बरोबर बसतं. लसद्रवाच्या वाटा तुंबल्या की कातडी सुजते. पण कूपरचे बंध तिला जागोजागी आत धरून असतात आणि केसांची मुळंही. तिथे ती फुगू शकत नाही, मधे फुगते. म्हणून खळगे-खळगे दिसतात. नागपूरच्या बाईला हे लक्षण समजावायला चित्र लागत नाही. डिसेंबरात कुठल्याही ठेल्यावर एक संत्रं उचलून साल निरखा. अशी कातडी दिसली, किंवा एखादा बंध ओढला जाऊन एकाच जागी खळी पडली, तर दुखत नसलं तरी थांबू नका. दुखत नाही म्हणूनच बायका थांबतात.

बोंड आत ओढलेलं आहे.

लहानपणापासून असेल आणि बोटाने बाहेर येत असेल तर ती घडणच तशी. आधी बाहेर होतं आणि आता काही महिन्यांत एका बाजूचं आत गेलं, तर तपासणी हवी. डॉक्टरांना ‘कधीपासून’ हे आधी सांगा.

मॅमोग्राफीत ‘घनता सी’ आलंय. कर्करोग का?

नाही. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यावरच्या अक्षरांत ए म्हणजे बहुतेक चरबी, डी म्हणजे बहुतेक ग्रंथी आणि धागे, सी हा डीच्या अलीकडचा. ग्रंथी एक्स-रेवर पांढरी दिसते, गाठही पांढरी, म्हणून घन स्तनात गाठ लपू शकते आणि सोबत सोनोग्राफी सांगतात. धोका थोडा वाढतो हेही खरं, पण ते अक्षर म्हणजे निदान नव्हे.

दाखवायचं कोणाला? बाईंच्या डॉक्टरला ना?

नव्वद टक्के चिठ्ठ्यांत बायका स्त्रीरोगतज्ज्ञांचं नाव घेतात. आपल्याकडे स्तनाची गाठ सर्जरी विभागाकडे जाते. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत गेलात तर खिडकीवर कागद काढताना ‘सर्जरी’ म्हणा, नाहीतर अर्धा दिवस चुकीच्या रांगेत जातो. पाजताना आलेला त्रास असेल तर जिथे बाळंत झालात तिथेच आधी विचारा. तपासणाऱ्या डॉक्टर बाई असाव्यात असं वाटत असेल तर स्पष्ट मागा, पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स हवी म्हणा. जुन्या सोनोग्राफीचे कागद पिशवीत घ्या. आणि साडीपेक्षा पुढून बटणं असलेला कुर्ता बरा पडतो.